चौकशीचे पंधरा रुपये

त्या चाळमालकाचा मला अजून राग येतो. माणूस जाऊन कैक वर्षं झाली, त्याची चाळ पाडून तिथं दुकानं उभी राहिली, तरी येतो. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे. त्यानं माझ्याकडून पंधरा रुपये घेतले होते. भाड्याचे नाहीत, डिपॉझिटचेही नाहीत. मी त्याच्या खोलीत राहायच्या लायकीची आहे का, हे बघण्याचे. लायकी त्यानं बघायची आणि बघण्याचे पैसे मी द्यायचे.

एकाहत्तर सालचा उन्हाळा होता, मोठ्या दुष्काळाच्या आधीचा. मी श्रीरामपूरला टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होते. कानाला हेडफोन, समोर बोर्ड आणि पाळी संपेपर्यंत तोंडात 'नंबर प्लीज'. नोकरी सरकारी, पगार वेळेवर, गावाकडं मान. फक्त राहायला जागा नाही. वडिलांच्या एका लांबच्या चुलतबहिणीकडं, म्हणजे आमच्या आत्याकडं, मी स्वयंपाकघरात झोपायचे. सगळ्यांची जेवणं आटोपली की माझं अंथरूण पडायचं आणि सकाळी आत्यानं चहाचं आधण ठेवायच्या आत ते उचललेलं असायचं. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, आत्यानं ठेवून घेतलं हेच खूप. पण तिथं दुसरं अंथरूण मावत नव्हतं, आणि मला दुसरं घालायचं होतं. माझ्या धाकट्या बहिणीचं.

आमचं गाव पाथर्डीच्या बाजूला. कोरडवाहू मुलूख, शाळा सातवीपर्यंत. त्यातून मी कशी शिकले, त्याचं कारण ऐका. लहानपणीच्या तापात माझा डावा पाय अधू झाला. लंगडत चालणाऱ्या पोरीला स्थळ कुठलं येणार, तर शिकू दे बापडीला, म्हणून मला नगरला बोर्डिंगात घातलं. धाकटी दोन्ही पायांनी धड, दिसायला उजवी, कामाला चलाख. म्हणून तिची शाळा बंद करायची. पोरीत काही खोट नसली की तिला ही शिक्षा. ती सातवीला केंद्रात पहिली आली, आणि पेढे वाटून होतात न होतात तोच तिला राहात्याकडचं स्थळ आलं.

राहात्याकडचं म्हणजे पाटपाण्याचं. ऊस, पेरूच्या बागा, दारात दोन म्हशी. आमच्या बाजूच्या बायका तेव्हा उन्हाळ्यात मैलभर लांबून पाणी आणायच्या. पोरगी पाटपाण्यात दिली म्हणजे तिच्या डोक्यावरचा हंडा उतरला, इतका साधा विचार. आमच्या वडिलांना आम्ही आण्णा म्हणायचो. माणूस वाईट नव्हता, पोरीचं बरं व्हावं एवढंच त्यांच्या मनात. पण ती चौदाची आणि नवरा मुलगा चांगला पंचवीसचा, हे काही त्यांना खटकत नव्हतं.

मी दोन दिवसांची रजा काढून घरी गेले आणि भांडले. आण्णांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "शिकवायची म्हनतीस, पर ठिवायची कुठं? आत्याच्या चुलीपाशी दोघीदोघी?"

"खोली घेते."

"मग घे. तुझ्या नावाची, कुलूपकिल्लीची खोली घे शाळा उघडायच्या आत. पोरगी तुझ्यासंगं धाडतो, माझा शबुद हाय. तवर राहात्यावाल्यांना मी थोपवून धरतो. न्हाई घेतलीस, तर मग मला कुनी काय बोलायचं न्हाई."

आण्णा शब्दाचे पक्के होते. म्हणजे आता सगळं एका खोलीवर आलं होतं. धाकटी मला फाट्यापर्यंत सोडायला आली आणि वाटभर तिचं एकच, की आठवीला संस्कृत घेता येतं का, आणि ते फार अवघड असतं का. मी म्हटलं, येतं घेता, आणि तुला नाही अवघड जायचं.

मग श्रीरामपुरातले सगळे वॉर्ड मी पालथे घातले. पाळी संपली की पाय ओढत निघायचं आणि दारं वाजवायची. एकट्या बाईला देत नाही. भाऊ नाही का कोणी? रात्री उशिरा येणंजाणं असतं का? एकानं तर माझ्या पायाकडं बघून विचारलं, जिना जमेल का, आणि खोली तळमजल्यावर होती. एका बाईनं सगळं ठरवलं, भाडंसुद्धा ठरलं, आणि शेवटी म्हणाली, आमच्या ह्यांना विचारते. ते हे काही मला शेवटपर्यंत दिसले नाहीत.

शेवटी मार्केट यार्डाजवळ एक खोली कळली. मालकाचं आडतीचं दुकान होतं, आणि दुकानाच्या मागं पत्र्याची एक चाळ. टोकाची खोली रिकामी. मी बघितली. फरशी घातलेली, भिंतीत एक फडताळ, बाहेर नळ, आणि हायस्कूल चालत जाण्याच्या टप्प्यात. मला तर तिथं दोन अंथरुणं घातलेली दिसायलासुद्धा लागली.

मालक गादीवर लोडाला टेकून बसला होता. शेजारी त्याचे दिवाणजी, म्हणजे दुकानाचं लिहिणं-टिपणं बघणारे म्हातारे गृहस्थ. काळी टोपी, दोऱ्यानं कानाला बांधलेला चष्मा, भिंतीला टेकवलेली छत्री. मी सगळं खरं सांगितलं. नोकरी कुठं, गाव कुठलं, बहीण आठवीला येणार.

"दोघीच राहणार?" मालकानं विचारलं.

"दोघीच."

"मग तर चौकशी नीटच करावी लागेल. पंधरा रुपये ठेवा."

"कसले?"

"चौकशीचे. आमचे दिवाणजी तुमच्या गावी जाऊन येतील. माणसं कोण, कशी, बघायला नको? यष्टीचं भाडं आहे, चहापाणी आहे, त्यांचा दिवस मोडतो. ते मी का म्हणून सोसायचं? खोली कुणाला हवीय, तुम्हाला ना?"

"आणि नाही दिलीत खोली, तर पैसे परत?"

"अहो बाई, जेवून झाल्यावर खानावळवाला पैसे परत देतो का?"

दिवाणजी हसले. मी हसले नाही, पण पैसे काढून ठेवले. काय करणार, अडला होता जीव. मी उठायला लागले तसा मालक म्हणाला, "आणि एक. घरी कळवायचं नाही. कळवलं की लोक गाव पढवून ठेवतात, मग चौकशीला अर्थ काय राहिला? कळवलेलं समजलं तर खोली विसरा." मी मान डोलावली आणि घरी अवाक्षर कळवलं नाही. नियम त्याचा, पाळला मी, आणि भोगलं कुणी ते बघा.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. आईनं सांगितलं, धाकटीनं सांगितलं, आणि गावानं तर न विचारता पुष्कळ सांगितलं.

दिवाणजी सकाळच्या गाडीनं फाट्यावर उतरले आणि छत्री उघडून गावात आले. मारुतीच्या पारावर बसले. चार माणसं जमली. कुठले पाव्हणे? श्रीरामपूरचे. मग त्यांनी हळूच आमच्या घरचं काढलं.

आता आमच्याकडची रीत सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल गावच खुळं होतं. परगावचा, धुतल्या कपड्यांतला, वयस्क माणूस पारावर बसून एखाद्या घराची चौकशी करतो, घरात पोरी किती आणि कशा विचारतो, तेव्हा तो एकाच कामाला आलेला असतो. सोयरिकीच्या. दुसऱ्या कशासाठी कोण कुणाची एवढी विचारपूस करतो? आणि अशा माणसाला 'कशासाठी आलात' असं तोंडावर विचारत नाहीत. तोही सांगत नाही. उद्या नाही जमलं तर मुलीच्या बापाची मान खाली जाऊ नये, म्हणून दोन्हीकडून गप्प राहायचं. सगळ्यांना ठाऊक आणि कुणीच बोलायचं नाही. गाव असं शहाणपणानं गप्प राहिलं.

दिवाणजींनी विचारलं, घर कसं आहे? देण्याघेण्याला चोख आहेत का? धाकटी मुलगी कशी, भांडखोर तर नाही? स्वच्छता कशी आहे? घरात पाव्हणेरावळे फार असतात का? हे सगळे प्रश्न भाडेकरूचे. आणि एकूण एक प्रश्न सुनेचेसुद्धा. पारावरच्यांनी तोंड भरून सांगितलं. एकजण म्हणाला, "पोरगी म्हंजी सोनं हाय. वरचा आवाज कसला तो ठावं न्हाई." आणि दुसरा तोवर आमच्या घरी पळाला.

आईची धांदल उडाली. शेजारणीकडून साखर आली, नव्या शेवया शिजायला पडल्या. धाकटी परकर-पोलक्यात अंगणात पापड वाळत घालत होती, तिला ओढून आत नेलं आणि आईची लग्नातली साडी नेसवली. तोवर आण्णा पारावर जाऊन म्हणाले, "पाव्हनं, उन्हाचं कुठं जाता, घरी पानी पिऊन जावा." आणि दिवाणजी आले. का नाही येणार? त्यांना घर आतून बघायचंच होतं.

धाकटीनं पाणी आणून दिलं, वाकून नमस्कार केला. त्यांनी नाव विचारलं, शिक्षण विचारलं. मग विचारलं, "दिवसाला पाणी किती लागतं गं तुला?" बाहेरच्या एका नळावर सगळी चाळ, तेव्हा तो प्रश्न येणारच. ती म्हणाली, "दोन हंडे पुरतात." आमच्या माणसांना केवढं कौतुक, बघा कशी काटकसरीची पोर. ती पुढं म्हणाली, "मी आठवीला श्रीरामपूरला जानार हाय," आणि आईनं तिला डोळ्यांनी दाबलं.

दिवाणजी शेवयांचं जेवण जेवले. रीतीप्रमाणं आण्णांनी त्यांना टोपी घातली, नवा टॉवेल खांद्यावर दिला, नारळ दिला. तुम्ही म्हणाल, त्यांनाही कळलं नसेल. का नाही कळलं? दाढीमिशा पिकेपर्यंत ह्याच मुलखात वावरलेला माणूस. खोलीच्या चौकशीला आलेल्याला कुणी टोपी-टॉवेल करतं? साडी नेसलेली पोर पुढं उभी करतं? त्यांनी एकदा म्हणायचं होतं, अहो, मी भाड्याच्या खोलीसाठी आलोय. एवढं एक वाक्य. पण वाक्य बोललं तर जेवण गेलं, टॉवेल गेला. तेव्हा ते "कळवतो" म्हणाले आणि निघाले. मुलाकडचे लोक जातानाही तेच म्हणतात.

आण्णा वाट बघत बसले. नंतर मला आई म्हणाली, त्या दिवसांत ते खुशीत होते. त्यांना वाटत होतं, श्रीरामपूरचं स्थळ, शहरातली माणसं, थोरली बहीण जवळ, कोण जाणे, लग्न करून पोरीला शिकवतीलसुद्धा. माझ्या वडिलांनी आयुष्यात पहिल्यांदा धाकटीच्या शिकण्याचं स्वप्न पाहिलं, ते एका फुकट्या जेवणाऱ्याच्या भरवशावर.

निरोप कसला येतोय. उलट बाजाराच्या दिवशी बोलण्या-बोलण्यातून राहात्यावाल्यांच्या कानावर गेलं की ह्यांनी पोरगी दुसरीकडं दाखवली. त्यांचे दोन वडीलधारे तावातावानं आले. "आमाला थोपवून ठिवता आन् मागनं दुसरीकडं पोरगी दावता व्हय? सुपारी फोडायची तर आज फोडा, न्हाईतर आमी मोकळं." तोवर गाव म्हणायला लागलंच होतं की श्रीरामपूरकरांनी नापसंत केली. एकदा नापसंत झालेली पोर, आणि हातातलं पाटपाणी निघालेलं. आण्णांनी सुपारी फोडली. मला निरोप धाडायला कुणाला सवड झाली नाही.

इकडं मी रोज त्या दुकानाच्या पायऱ्या झिजवत होते. आज या, परवा या, दिवाणजी जाऊन आलेत, विचार करतो. तिथंच मला एका दवाखान्यातले कंपाउंडर भेटले. त्यांनीही पंधरा रुपये दिलेले. कारखान्यात नव्यानं लागलेला एकजण भेटला, त्यानंही. सगळे एकाच खोलीचे उमेदवार आणि खोलीला आपलं कुलूप. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की ती खोली रिकामी राहून जेवढं मिळवत होती तेवढं भरून कधी मिळवणार नव्हती. मग तो भाडेकरू ठेवेल कशाला?

तरी मी जात राहिले, कारण शाळा उघडायला आली होती. एक दिवस मालकानं मला उभ्या उभ्या सांगितलं, "नाही जमायचं, बाई. घर चांगलं आहे. पण तुम्ही खोटं बोललात."

"मी काय खोटं बोलले?"

"बहीण शाळेला येणार म्हणालात. तिचं तर लग्नाचं बघताहेत. आमचे दिवाणजी डोळ्यांनी बघून आले, साडी नेसून पुढं आली होती. लग्नाची मुलगी इथं आणून ठेवायची, उद्या काही कमीजास्त झालं तर नाव माझ्या चाळीचं. खोटं बोलणारा भाडेकरू मला नको."

मला वाटलं, राहात्यावाले बघायला आले असतील आणि नेमके हे दिवाणजी तिथं पोचले असतील. मी आण्णांवर चिडले. शब्द दिला आणि मागं पोरगी दाखवतात म्हणजे काय? रस्ताभर मनात त्यांच्याशी भांडत मी एक्सचेंजवर गेले. विनाकारण भांडले, ते मला दुसऱ्याच दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी आण्णाच एक्सचेंजच्या फाटकाशी उभे. लग्नाचा बस्ता बांधायला आलेले. मी बाहेर आले तर म्हणाले, "येत्या सोमवारी लगीन धरलंय. तुझ्यावर लई भरवसा ठिवला हुता, पर खोलीचं काय तू कळवलं न्हाईस. आन् तुझ्या ह्या श्रीरामपूरचंबी एक स्थळ आलतं. लई आशा लावली आन् उलट निरोपसुदीक न्हाई."

"श्रीरामपूरचं? कोण आलं होतं?"

"म्हातारं मानूस. छत्री हुती. चष्मा दोऱ्यानं बांधल्याला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी सुपरवायझरबाईंना सांगून पाळी सोडली आणि आण्णांना घेऊन निघाले. वाटेत त्यांना सगळं सांगितलं. खोली, पंधरा रुपये, चौकशी, घरी न कळवण्याची अट. ते माझ्या लंगड्या चालीच्या बरोबरीनं हळूहळू चालत राहिले.

दुकानात दिवाणजी बसलेले होते आणि खांद्यावर आमचा टॉवेल. आण्णांनी तो बघितला. मग हात जोडले आणि म्हणाले, "रामराम, पाव्हनं." सवय हो. घरी जेवून गेलेला माणूस तो.

दिवाणजींनी मान खाली घातली. मी मालकाला म्हटलं, "तुमच्या माणसाच्या चौकशीनं माझ्या बहिणीचं लग्न ठरलं. आमच्या गावाला वाटलं सोयरीक आलीय. ह्यांनी जेवून, मानपान घेऊन, तोंडातून एक शब्द काढला नाही."

"मग त्यात माझं काय चुकलं? चौकशी करायची म्हटल्यावर विचारायला नको?" मालक म्हणाला. "तुमच्या लोकांनी भलतं समजून घेतलं त्याला मी काय करू?"

मी आणखी बोलणार होते, पण आण्णा पुढं झाले. त्यांचा आवाज अगदी साधा होता. "मालक, झालं ते झालं. खोली रिकामी हाय न्हवं? ती हिला द्या. आत्ता कुलूप काढून द्या. मी असाच राहात्याला जातो आन् सुपारी मोडून येतो. लोकं काय म्हनतील ते म्हनू द्यात. पोरीला मी शबुद दिल्ता."

मी आण्णांच्या तोंडाकडं बघत राहिले. फोडलेली सुपारी मोडणं म्हणजे काय, हे आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. भावकी तोडून बोलते, चुलत्यांच्या पोरींची स्थळं अडतात, बाजारात माणूस तोंड चुकवून जातो. आण्णा त्या आडतीच्या दुकानात उभं राहून हे सगळं अंगावर घ्यायला तयार झाले होते. दुसरी खोली का नाही बघितली असं मला पुढं कितीजणांनी विचारलं. आधीचा सगळा उन्हाळा मी काय करत होते मग? दुसरी खोली नव्हती. हीच होती, आणि ती तिथं मागं कुलूप लावून रिकामी पडलेली होती.

मालकानं जरा विचार केला. खरंच केला, मी बघत होते. मग म्हणाला, "आता तर बाब आणखी वेगळी झाली. सुपारी मोडलेली मुलगी. उद्या राहात्याची माणसं येऊन माझ्या दारात दंगा करतील. पुन्हा नव्यानं चौकशी करावी लागेल. राहात्यालाही जाऊन यावं लागेल. पंधरा रुपये ठेवा, पंधरा दिवसांत सांगतो."

"लगीन सोमवारी हाय," आण्णा म्हणाले.

"मग घाई तुमची आहे. माझी नाही."

आणि आण्णांनी कमरेचा कसा सोडला. बस्त्याचे पैसे होते त्यात. त्यांना खरंच वाटलं की पैसे ठेवले तर माणूस काहीतरी करेल. त्यांनी नोटा काढल्या तसा मी त्यांचा हात धरला. ते म्हणाले, "असू दे गं, देऊन बघू." मी त्यांच्या हातातल्या नोटा काढून घेतल्या आणि परत कशात कोंबल्या. वडिलांशी मी असं आधी कधी वागले नव्हते.

मग मी बोलले. काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. एवढं आठवतं की मी म्हटलं, तुम्हाला खोली भाड्यानं द्यायचीच नाही, तुम्ही चौकशीच भाड्यानं देता. बाहेरचे हमाल पोती टाकून दाराशी जमले. मालक म्हणाला, बाईमाणसानं आवाज चढवू नये. मी आणखी चढवला. मग दिवाणजींकडं वळून म्हटलं, "तो टॉवेल काढा खांद्यावरचा." त्यांनी मुकाट्यानं काढला, घडी घातली आणि आण्णांच्या पुढं धरला.

आण्णांनी घेतला नाही. म्हणाले, "दिल्यालं मानपान माघारी घेत न्हाईत," आणि पायऱ्या उतरले. मीही उतरले. आम्ही कापडाच्या दुकानात गेलो आणि बस्ता बांधला.

धाकटीचं लग्न झालं. तिला पाटपाणी मिळालं, हंडा उतरला, मुलं झाली, नवराही मारहाण करणारा निघाला नाही. लोक म्हणतात, मग वाईट काय झालं, चांगलंच झालं की. ह्या लोकांचा मला त्या मालकाइतकाच राग येतो. तिला आठवीत जायचं होतं. पुढं सगळं चांगलं झालं म्हणून जे चोरलं ते चोरलेलं नव्हतं असं होत नाही. मला स्वतःला पुढच्या वर्षी खोली मिळाली, एका विधवा बाईच्या घरात, आणि तिनं चौकशी म्हणून एवढंच विचारलं की मांजर चालेल ना. त्या खोलीत माझं एकच अंथरूण पडायचं.

हळदीच्या दिवशी मी धाकटीजवळ बसले होते. तोंड, हात, पाय सगळं पिवळं झालेलं, बायका बाहेर गाणी म्हणत होत्या. ती हळूच म्हणाली, "ताई, त्या छत्रीवाल्या पाव्हन्यांना मी का आवडले न्हाई गं?"

तोवर तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. ते सोयरिकीला नव्हतेच आले, आपल्या दोघींच्या खोलीसाठी आले होते, आपण राहायला कशा आहोत ते बघायला.

तिचे डोळे भरून आले आणि ती म्हणाली, "मग तसं विचारायचं न्हाई का त्यांनी मला? मी सांगितलं असतं, मोठ्यानं वाचून तरास देनार न्हाई म्हनून. मनात वाचलं असतं मी."